सत्तेचाळीस नंबरची कार्बाईन

आमच्या घरात बंदूक आहे हे मी शाळेत कधी कुणाला सांगितलं नाही. माणगावच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, वसतिगृहाच्या खोलीत, मुली आपापल्या घरी काय काय आहे ते सांगत असत आणि मी ऐकत असे. विचारलंच तर म्हणायचे, नारळ आहेत. बंदूक बाबांच्या कपाटात, आईच्या लग्नातल्या साड्यांच्या मागे, जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळून उभी असायची. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली टू-टू रायफल. बारीक नळी, पिवळट पॉलिशचा हलका दस्ता, खेळण्यातली वाटावी इतकी साधी. माकडं वाडीत उतरली की बाबा मागच्या पडवीत जाऊन आभाळाकडे एक बार काढत. आवाज एवढासा व्हायचा, की माकडं सुपारीच्या शेंड्यावरून नुसती वळून बघत. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "पाहुणे आलेत, त्यांना पाणी तरी विचारा." बाबा हसायचे नाहीत. बंदूक पुसून परत साड्यांच्या मागे ठेवायचे, गोळ्या वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याची चावी आईच्या कमरेला.

आमचं घर दिवेआगरच्या अलीकडे, समुद्रापासून दोन वाड्या सोडून. पुढच्या दोन खोल्या आई पर्यटकांना द्यायची. मागच्या बाजूला आम्ही चौघं: आई, बाबा, सुट्टीत आलेली मी, आणि आबा, बाबांचे वडील. आबा तरुणपणी सैन्यात ड्रायव्हर होते. परत आल्यावर पन्नास वर्षं त्यांनी वाडीला शिपणं केलं, झाडांना पाणी घातलं, पण चालताना हात अजूनही शिस्तीत हलायचे. सकाळी त्यांना पेज लागायची, जाड तांदळाची, वर भाजलेल्या सुकटीची चिमूट. ती ते उभ्यानेच पीत. बसून खाल्लं की अंग जड होतं, म्हणत. बोलणं कमी. माझंही कमी. आम्ही दोघं पडवीत तासन्‌तास सुपारी सोलत बसत असू आणि कुणाचीच अडचण होत नसे. घरात माझ्या न बोलण्याची काळजी न करणारं एवढंच एक माणूस होतं.

मग वादळ आलं आणि आमची वाडी आडवी झाली. त्याबद्दल पुष्कळ जणांनी पुष्कळ सांगितलं आहे, मी फक्त एक गोष्ट सांगते. वाडी उभी होती तेव्हा आमच्या घरात समुद्र ऐकू येत नसे. सुपाऱ्या गळताना पत्र्यावर टप्पकन वाजत, झावळ्या घासत, रहाट कुरकुरे, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे समुद्र असायचा, तो फक्त भरतीच्या वासावरून कळे. झाडं गेल्यावर तो थेट घरात शिरला. अहोरात्र घरघर. आई म्हणाली, होईल सवय. मला झाली, बाबांना झाली. आबांना झाली नाही. एका सकाळी पेजेची वाटी हातात तशीच ठेवून ते कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "कॉन्व्हॉय निघाला. गाड्या गरम करतायत. आनि माझं हत्यार कुठाय?"

तिथून शोध सुरू झाला. आधी आम्हाला वाटलं, एका दिवसाचं आहे. मग ते रोजचंच झालं. आबा पलंगाखाली बघत, धान्याच्या कणगीत हात घालत, आडव्या पडलेल्या झाडांखाली काठीनं उकरत. पर्यटकांच्या खोलीत शिरून त्यांच्या बॅगा चाचपल्या, तेव्हा आईनं हात जोडून माफी मागितली. विचारलं तर एकच सांगत, "कार्बाईन. बट नंबर सत्तेचाळीस." प्रत्येक हत्याराच्या दस्त्यावर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला असतो आणि शिपाई आपला नंबर विसरत नाही, हे मला तेव्हा कळलं. माझं नाव ते त्याआधीच विसरले होते. बारावीनंतर मी वर्षभर घरीच राहिले होते आणि सदा काहीतरी वहीत खरडत असे, म्हणून मी त्यांच्या लेखी कचेरीतली कारकून झाले. "बाबूजी," ते मला म्हणत, "अर्ज लिहा. विंग्रजीत लिहा, सायब विंग्रजीच वाचतो."

मी लिहायचे. ते उभे राहून मराठीत सांगत, मी रिस्पेक्टेड सरपासून सुरुवात करून इंग्रजीत उतरवत असे. दहा वर्षं मी त्या शाळेत रजेचे, शुल्कमाफीचे, शाळा सोडल्याच्या दाखल्याचे नमुनाअर्ज पाठ केले होते. त्यांचा माझ्या घरच्यांना झालेला हा एवढाच उपयोग. आबांची गोष्ट मला त्या अर्जांतून तुकड्यातुकड्यानं कळली. उंचावरच्या कुठल्यातरी रस्त्यावर त्यांना ताप भरला होता. शुद्ध गेली. दुसऱ्या कुणीतरी गाडी चालवत त्यांना इस्पितळात नेलं. जाग आली तेव्हा अंगावर इस्पितळाचे कपडे होते आणि हत्यार जवळ नव्हतं. कुणीतरी ते जमा केलंच असणार. कुणी त्यांना शिक्षा केली नाही, नोकरी पुरी करून ते नीट घरी आले, पेन्शन घेतलं. पण जमा केल्याची सही त्यांची नव्हती. पन्नास वर्षं ही गोष्ट कुठंतरी तळाशी बसून होती आणि आता तेवढीच वर उरली होती. प्रत्येक अर्जाच्या शेवटी ते सांगत, "लिहा, की मी चोर न्हाय." त्याला मी दर वेळी वेगळं इंग्रजी वाक्य शोधत असे.

एके दुपारी किनाऱ्याच्या रस्त्यानं पोलिसांची जीप गेली. नेहमीची गस्त. आबा अंगणात होते, ते दिसेनासे झाले. तासभर शोधल्यावर न्हाणीत सापडले. पाण्याच्या पिंपामागे उकिडवे, धोतर ओलं, दोन्ही हात डोक्यावर. बाबांनी त्यांना उचलून बाहेर आणलं.  "ज्या माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या वाडीतली पडलेली सुपारी उचलली न्हाय," ते आईला म्हणाले, "त्यानं असं लपून बसायचं?"

त्या संध्याकाळी मी आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतला फोटो बाहेर काढला. ट्रकच्या चाकाला टेकून उभे असलेले तरुण आबा, खांद्याला कार्बाईन, म्हणजे आखूड रायफल. नळीच्या टोकापर्यंत आलेलं लाकूड, त्यावर धातूच्या दोन पट्ट्या, रुंद कापडी पट्टा. मी तो फोनवर मोठा करून बघितला, मग बाबांपुढे ठेवला. मी सहसा कुणाला काही सुचवत नसे. म्हणाले, "आपल्या टू-टूला असं लाकूड घातलं तर?"

बाबांनी फोटो उजेडात धरला.  मग म्हणाले, "नळीला हात लावायचा न्हाय. कायदा हाय. लाकूड काय घालायचं ते घालू, जुनं जपून ठेवू."

आईनं भाजी चिरता चिरता मान वर केली. "शोधतायत तर हिंडतायत तरी," ती म्हणाली. "सापडलं की काय करतील ते?"

 आईच्या त्या प्रश्नाशी मी अजून भांडते.

लाकडासाठी बाबा मला घेऊन इब्राहिमचाचांकडे गेले. चाचा होड्या बांधायचे. खाडीच्या काठावर त्यांची शेड होती आणि शेडच्या मागे वादळात पडलेल्या उंडीच्या झाडाचे ओंडके सावलीत वाळत होते. उंडी तांबूस, घट्ट, खाऱ्या हवेला न भिणारं लाकूड. होडीचे वाकडे वासे त्याचेच करतात. चाचांनी फोटो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, मग आमच्या रायफलीकडे बघितलं.

"दिलीप, ही तर सायकलचा पंप हाय रे," ते म्हणाले. "हिला तुझा बाप कार्बाईन समजंल?"

"समजला पायजे, चाचा."

"माझे अब्बा शेवटी शेवटी मला मुकादम समजायचे. रोज हजेरी मांडून घ्यायचे. मी मांडायचो." त्यांनी ओंडक्यावर टिचकी मारून कानोसा घेतला. "ठीक हाय. पण बंदूक तू हातात धरून बसायचं. मी फक्त लाकडाला हात लावणार. या वयात पोलीस ठाण्याचा चहा नको मला."

फोटोवरून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पूर्ण मापाचं चित्र काढलं. आबांच्या हाताच्या पंजाची लांबी मला माहीत होती, फोटोतला पंजा त्याच्याशी ताडून बाकीची मापं धरली. चाचा टेप वापरत नसत, बोटांनी मोजत. महिनाभर, एक दिवसाआड, बाबा मांडीवर रायफल आडवी घेऊन शेडमध्ये बसत आणि चाचा वाकसानं ओबडधोबड आकार काढून मग पटाशीनं पोट कोरत. दर थोड्या वेळानं लाकूड काजळी फासलेल्या नळीला लावून बघायचं, काजळीचा डाग जिथं उमटेल तिथं अजून कोरायचं. आमची नळी फोटोतल्यापेक्षा लांब होती आणि ती कापायची नव्हती. मला त्याचीच धास्ती होती. चाचांनी तोड काढली. लाकूड जवळजवळ टोकापर्यंत नेलं, वरूनही एक पातळ फळी बसवली आणि मोडलेल्या होडीच्या पितळी पट्टीच्या दोन कड्या अशा अंतरावर घातल्या, की बघणाऱ्याची नजर दुसऱ्या कडीपाशीच थांबावी. उरलेली नळी दिसत असून दिसेना. बाबांनी कितीतरी दिवसांनी कुणाची तारीफ केली. चाचा म्हणाले, "डोळा काय रे, होडीसारखाच. रेघ नेशील तिकडं जातो."

शेवटी उंडीचंच तेल पाजलं. तो वास मी आता राहते त्या पनवेलच्या खोलीत बसूनही आठवू शकते, कडवट, थोडा किळसवाणा, नव्या होडीचा. लाकूड काळपट लाल झालं. फार सुंदर झालं, आणि तीच अडचण होती. ते नवं दिसत होतं. मी चाचांना म्हटलं, याला जुनं करायला हवं. त्यांनी वाकस खाली ठेवला. "पोरी, चाळीस वर्षं मी नवं करत आलोय. आपल्या हातानं चरे पाडायला हात उठत न्हाय. ते तू कर."

ते मी केलं. दगडी डोणीच्या कडेवर दस्ता घासला. चाव्यांचा जुडगा आपटून खळगे पाडले, त्यात काजळी आणि चहाचा चोथा भरून पुसला. कुठं झिजवायचं ते ठरवायला मी आबांच्या हातांकडे बघत असे. काठी धरताना त्यांचा अंगठा कुठं टेकतो, उजवी तर्जनी कशी सरळ राहते, मान कुठल्या बाजूला कलते. जिथं गाल टेकेल तिथं मी काचकागदानं इतकं हळू घासलं, की बोट फिरवलं तरच कळावं. आठ दिवस मी त्या लाकडात पन्नास वर्षं घालत होते. शेवटी पांढऱ्या ऑइलपेंटनं, बारीक कुंचल्यानं दस्त्यावर सत्तेचाळीस लिहिलं, आणि वाळल्यावर अर्धवट खरवडलं. इतकं मन लावून मी शाळेत काही केलं नव्हतं. आणि त्यात मला आनंद होत होता, हे लिहिणं भाग आहे.

आबांना दिली त्या दिवशी बाबांनी खबरदारी म्हणून बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता दांडा, काढून घेतला होता. सकाळची पेज झाली होती. बाबांनी कार्बाईन दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली. आबांनी ती घेतली. वजन तोललं. नंबरावर अंगठा फिरवला, दोनदा. चेहऱ्यावरचे सगळे स्नायू हळूहळू सैल झाले. पट्टा ओढून बघितला, कड्या बघितल्या, दुसऱ्या कडीपाशी नजर थांबली.  मग त्यांचा उजवा हात सवयीनं मागे गेला आणि मोकळ्या जागेत मिटला.

"बोल्ट?" ते म्हणाले. परत चाचपलं. चेहरा राखेसारखा झाला. "बोल्ट कुनी काढला? बाबूजी, बोल्ट गेला! आता तर संपलंच!"

"हाय, आबा, हाय. साफ करायला काढलेला," बाबा धावत आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज, हँगर पडल्याचा आवाज. त्यांनी बोल्ट आणून दिला. आबांनी तो बघताही न बघता बसवला, तीनदा मागेपुढे केला, रिकाम्या खोबणीत करंगळी घालून खात्री केली, आणि मग भिंतीला टेकून जमिनीवर बसले. शोध सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच निवांत बसून, मांडीवर कार्बाईन आडवी घेऊन, अर्धा तास रडले. आवाज न करता. आई दारात उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि कमरेची चावी चाचपून बघितली.

त्यानंतरचे तीन आठवडे चांगले गेले. ते मी कुणालाही द्यायला तयार नाही. गोळ्या कुलपात असत आणि बाबा नजरेच्या टप्प्यात. आबा सकाळी पडवीत चटई टाकून कार्बाईन साफ करत. मी चिंध्या फाडून देत असे. त्यांची झोप परत आली. जीप गेली तर ते उठून सरळ उभे राहत, हत्यार शेजारी टेकवून. एकदा माकडं उतरली तेव्हा आईनं मुद्दाम डिवचलं, "आबा, मारा की एक." आबा गंभीरपणे म्हणाले, "हुकूम न्हाय, सूनबाई." आम्ही तिघंही हसलो. बाबासुद्धा. एकदा त्यांनी मला विचारलं, "बाबूजी, तुमचं गाव कोन्तं?" मी आमच्या गावाचं नाव सांगितलं. "माझंबी तेच," ते म्हणाले. "रजा मिळाली की जाऊ बरूबर."

मग निवडणूक लागली. आचारसंहिता आली की आमच्याकडे सगळ्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि पावती घ्यायची. निकाल लागला, की पावती दाखवून परत आणायच्या. बाबांचं ठरलं होतं, आबा झोपले असताना जुना दस्ता बसवून गुपचूप नेऊन द्यायची. पण दुपारी ते कपाटापाशी जुना दस्ता बाहेर काढत असताना आबा मागे उभे होते. "कुठं घेऊन चाललास? माझ्या सहीबिगर कुठं घेऊन चाललास?" त्यांनी बाबांचा हात इतका घट्ट धरला, की नखं रुतली. बाबा काही सांगू बघत होते, आबा ओरडत होते. आणि मी, जी कधी मध्ये पडत नाही, ती म्हणाले, "आबांनाच जमा करू दे. त्यांच्या सहीनं."

 आबांनी माझ्याकडे बघितलं. असं कुणी माझ्याकडे त्याआधी बघितलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मला वाटलं, हेच तर पन्नास वर्षं राहिलेलं आहे. हे झालं की सुटतील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढरा सदरा इस्त्री करून मागितला. कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे केले. ठाण्याच्या ओट्यावर रांग होती. कुणाची ठासणीची बंदूक गोणपाटात, कुणाची जुन्या लुगड्यात. आमच्या गावचे एक जण बाबांना म्हणाले, "दिलीपशेट, आता दीड महिना माकडांचंच राज्य. त्यांना कुठली आचारसंहिता?" बाबांनी मान हलवली. रायफल त्यांच्याकडे होती, चादरीत. आबा रांगेत ताठ उभे होते, कुणी बस म्हटलं तरी बसले नाहीत.

टेबलामागे एक वयस्क हवालदार होते. बाबांनी आधी पुढे जाऊन परवाना दिला, चादर सोडली. हवालदारांनी कार्बाईनकडे बघितलं, परवान्याकडे बघितलं. "हे काय आणलंय? परवान्यावर टू-टू आहे. हे युद्धातलं दिसतंय." बाबांनी वाकून हळू आवाजात सांगितलं, काय सांगितलं ते मला अर्धंच ऐकू आलं. हवालदारांनी चष्मा लावून नळीवरचा कारखान्याचा नंबर परवान्याशी ताडला. मग मान वर करून रांगेत उभ्या आबांकडे बघितलं. "परत आणाल तेव्हा पहिल्यासारखी करून ठेवायची," ते बाबांना म्हणाले. "द्या त्यांच्याकडे."

आबा पुढे आले. कार्बाईन घेतली, टाचा जुळवल्या. आपल्याच तोंडानं हुकूम दिला, "जाँच शस्त्र!" आणि बोल्ट मागे ओढून रिकामी खोबण हवालदारांपुढे धरली.  हवालदार खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"नंबर?"

"सत्तेचाळीस!"

"जमा," हवालदार म्हणाले आणि दोन्ही हातांनी कार्बाईन घेतली.

पावती बाबांच्या नावाची होती. बाबांनी सही केली तिच्याच खाली हवालदारांनी आबांनाही सही करू दिली. आबांनी कागद माझ्याकडे दिला. "बाबूजी, वाचा." मी वाचला. त्यावर नव्हतं ते वाचलं: त्यांचं नाव, हुद्दा, कार्बाईन एक, बट नंबर सत्तेचाळीस, सुस्थितीत जमा. त्यांनी पावती चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवूनच घरी आले. वाटेत रिक्षात एकदाच बोलले. "झालं एकदाचं."

त्या रात्री ते गाढ झोपले. सकाळी आईनं पेज पुढे केली तर वाटीला हात लावला नाही. ट्रंक पुढे ओढून तिच्यावर बसले होते. "बाबूजी, आता रजेचा अर्ज लिहा. हत्यार जमा हाय. घरी जायचंय."

"आबा, हेच तर घर," आई म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तसं, अदबीनं बघितलं. दोन दिवस ते ट्रंकेवर बसून राहिले, समुद्राकडे कान लावून. उठणं नाही, हिंडणं नाही, शोधायला काही उरलंच नव्हतं. अन्न पुढे केलं की म्हणत, "आता घरी जाऊनच जेवू." पुनःपुन्हा मला विचारत, "सायबाची सही झाली का?" बाबा दोनदा उठून बाहेर गेले. तिसऱ्या दिवशी मला ते बघवेना. मी अर्ज लिहिला, खाली लाल शाईनं इंग्रजीत 'मंजूर' लिहिलं, एक वाकडीतिकडी सही केली आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरून बघितला. लाल शाई त्यांना कळली. "बरं झालं," ते म्हणाले. अर्ज पावतीच्या घडीत ठेवला आणि ट्रंकेवरून उठून पलंगावर आडवे झाले. दोन घोट पाणी माझ्या हातून घेतलं. त्यानंतर दोन दिवसांनी पहाटे गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. इब्राहिमचाचा बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखानं गेला रे." सगळेच तसं म्हणाले. आई काही म्हणाली नाही, माझ्याशीही नाही. माझ्या ताटात मात्र बरेच दिवस जास्तीची भाकरी वाढत राहिली.

त्यांना नेताना तो पांढरा सदरा अंगावर होता. खिशात दोन कागद होते, हे बाबांना माहीत होतं आणि मलाही. बंदूक परत आणायला पावती लागणार होती. बाबांचा हात खिशापर्यंत गेला, त्यावर थोडा वेळ राहिला आणि रिकामाच परत आला.

निकाल लागल्यावर आम्ही दोघं ठाण्यात गेलो. तेच हवालदार होते. पावती नाही म्हटल्यावर म्हणाले, अर्ज द्यावा लागेल. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. बाबांनी तो माझ्याकडे दिला. ओट्याच्या कठड्यावर कागद ठेवून मी मराठीत लिहिलं, की माझ्या आजोबांनी हत्यार जमा केले होते आणि पावती ते सोबत घेऊन गेले आहेत. हवालदारांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बरोबर आहे, पोरी," ते हळू म्हणाले, "पण असं चालत नाही. 'गहाळ' लिहा."

मी दुसरा कागद घेतला. पावती आमच्याकडून गहाळ झाली, असं लिहून खाली माझी सही केली. पहिला कागद बाबांनी चार घड्या करून आपल्या खिशात ठेवला.